उपासाच्या आड

लोक मला भाविक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यातला एखादाच वार सुटायचा. खरं सांगायचं तर माझी भूकच मेली होती. उठल्यापासून छातीत धडधड, आता काहीतरी वाईट होणार ही धास्ती. आणि त्याच वेळी वाटायचं, होऊ दे काय व्हायचं ते, सुटेन तरी. भीतीही वाटते आणि जगणंही नकोसं, हे दोन्ही एकाच जिवात कसं? कुणाला सांगायची सोय नव्हती. मग मी त्याला उपास म्हणायला लागले. देवाच्या नावाखाली लपले मी मेली!

पंचवीस-तीस वर्षं झाली या गोष्टीला. एका संकष्टीला थोरल्या जाऊबाईंबरोबर निमगाव साव्याहून ओझरच्या विघ्नहर गणपतीला गेले. रांगेत जीव इतका घाबरा झाला की दर्शन टाकून बाहेर पळाले. देवानंही हाकललं, असं वाटून बांगड्यांच्या एका दुकानाच्या फळीवर रडत बसले.

दुकानातल्या चाची जुन्नरच्या. ओळख ना पाळख. त्यांनी माझा हात हातात घेतला, कोपरापर्यंत घसरलेल्या बांगड्या पाहिल्या.

“उपास हाय?”

“रोजच असतो,” मी म्हटलं.

“रोज? अगं बाय, कोन्त्या देवानं सांगितलं? आमच्या सुनंचं आसंच व्हतं. धडधड बी आन् जीव नकोसा बी, दोन्ही एकदम. डॉक्टरला दाखवलं, आता लई बरी हाय. तुला भूकच लागत न्हाई, खरं का न्हाई?”

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. लहान मापाच्या बांगड्या भरताना त्या म्हणाल्या, “हात ढिला सोड. ताठ धरलास तर बांगडी फुटती.” मी हात सोडला आणि हुंदकाच फुटला. बांगड्या भरल्यावर वाकून नमस्कार करायची आपली रीत. मी केला, तो विघ्नहरालाच केल्यासारखा वाटला.

दर्शन घेऊन आलेल्या जाऊबाईंना मी तिथंच सगळं सांगितलं. वाटलं, आता रागावतील. “मला सांगायचं व्हतंस ना गं!” म्हणत त्याच रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही पालटलं नाही. दोन दिवस बरे, चार दिवस वाईट, असं कित्येक महिने चाललं. मी गोळी चुकवली नाही, बाकीचं विघ्नहरावर सोपवलं. ते सोपवणंही मला फार जड गेलं.

एका सकाळी चुलीवर पहिलीच भाकरी टम्म फुगली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भूक लागली होती! उभ्या उभ्या, नुसत्या चटणीशी, मी अख्खी भाकरी खाल्ली.

जाऊबाई ओरडल्या, “अगं, निवद तरी दाखवायचास आधी!”

माझे डोळे वाहत होते, तोंडात घास होता.

“पोचला त्याला, जाऊबाई,” मी म्हटलं. “ही भूक त्यानंच धाडलीय.”