मामंजींच्या फेट्याचा नमुना

मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. नव्वदच्या दशकात, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, कोल्हापुरात शिवणक्लास लावला तेव्हाही वहीच्या पहिल्या पानावर पिशवीतल्या वस्तूंची यादी होती: मोजपट्टी, खडू, टाचण्या, कापडाची कात्री, कागदाची कात्री आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण. ते कुठल्या बोटात घालायचं हे मात्र पहिल्या आठवड्यात रक्त आल्यावर कळलं.

परीक्षेसाठी एक फाईल करायची होती. अर्ध्या फाईलीत टाके: धावदोरा, हेम, काज. उरलेल्या अर्ध्या फाईलीत कापडं: सुती, रेशीम, लोकर, ताग, पॉलिस्टर. प्रत्येकाचा दोन बोटं तुकडा चिकटवायचा, खाली नाव लिहायचं आणि धागा जाळल्यावर काय होतं तेही लिहायचं. क्लासच्या बाईंचा नियम कडक होता. स्वतः जाळून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

सुती म्हणून जुना परकर मिळाला, तागासाठी पोतं, लोकरीसाठी दिरांची कानटोपी, तीही त्यांना न विचारता. यादीत रेशमापुढे खूण व्हायची राहिली होती. मी जेवताना तसं बोलले आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, हात धुऊन थेट ट्रंकेकडे गेले.

ट्रंकेत त्यांचा गुलाबी फेटा होता. घराच्या वास्तुशांतीला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जयसिंगपूरच्या भावानं तो मानानं बांधला होता. घरी आलेल्या प्रत्येकाला मामंजी त्यावरून हात फिरवायला लावत. "बघा पावणं, अस्सल रेशीम हाय." बारा वर्षांत गल्लीतलं एकही माणूस यातून सुटलं नव्हतं.

"घे काप," ते मला म्हणाले. "नऊ वार हाय. दोन बोटं गेली म्हणून मी काय उघडा पडतोय व्हय?"

मी आतल्या टोकाचा तुकडा कापला. दुसऱ्या दिवशी त्यातला धागा ओढून चिमट्यात धरला आणि मेणबत्तीवर नेला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरगळता येईल अशी राख होते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. मी तीनदा जाळून पाहिलं. तीन मणी झाले.

आत्याबाई मागे उभ्या होत्या. त्या मणी बघून जराही दचकल्या नाहीत. "दगडावर आपटून धुतीय मी त्यो," त्या हळूच म्हणाल्या. "रेशीम असता तर कवाच चिंध्या झाल्या असत्या. पर ह्यास्नी सांगू नगंस. पुढच्या म्हैन्यात माझ्या भाचीचं लगीन हाय. कळलं तर हे पाऊल टाकायचं न्हाईत तिथं."

भावाला हे ठाऊक होतं का, असं मी विचारलं. ते त्यांनी बारा वर्षं मुद्दाम विचारलं नव्हतं.

मी तोडगा काढला. माझा लग्नातला शालूही गुलाबी होता. त्याच्या आतल्या पट्टीचा तुकडा रेशमाच्या पानावर लावला, फेट्याचा पॉलिस्टरच्या, आणि फाईल मशीनच्या खणात ठेवली. परीक्षेत पास झाले. निकाल कळताच मामंजींनी फाईल मागितली, शेजाऱ्यांना दाखवायला.

रेशमाच्या पानावर त्यांनी अंगठा फिरवला आणि थांबले. "ह्यो माझा न्हाय."

आता नको ते झालं. त्यांनी पान उलटलं. तिथे माझ्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: पॉलिस्टर. वितळते. टणक मणी होतो. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला.

मामंजींनी काडेपेटी मागितली. ट्रंकेतून फेटा काढून एक धागा ओढला, जाळला, वास घेतला, मणी दाताखाली धरून पाहिला. मग फाईल मिटून माझ्या हातात दिली आणि बाहेर निघून गेले. आत्याबाईंनी त्या दिवशी तीन भाकरी करपवल्या.

लग्नाच्या सकाळी मात्र ते सगळ्यांच्या आधी तयार होते, आणि डोक्याला तोच फेटा. आत्याबाईंना तर जयसिंगपूर येईपर्यंत धड बसवेना. मांडवाच्या दारात त्यांची भावजय ओवाळायला पुढे आली. तबक जवळ आलं तसे मामंजी दोन पावलं मागे सरले.

"वैनी, जरा लांबनं ओवाळा. वितळतोय."

शेजारी उभा असलेला भाऊ फेट्याहून गुलाबी झाला. मामंजींनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि जेवण कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. आत्याबाई पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की वरपक्षाकडच्या बायकांना त्या रडताहेत असं वाटलं आणि दोघींनी येऊन त्यांची समजूत घातली.

दिवाळीला जयसिंगपूरहून नवा फेटा आला. मामंजींनी तो डोक्याला लावण्याआधी माझ्यापुढे ठेवला, वर काडेपेटी. मी धागा जाळला. केस जळल्याचा वास घरभर पसरला आणि चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंनी तो अत्तरासारखा छातीभर घेतला.

तो फेटा ट्रंकेतच राहिला. मामंजी घालत जुनाच. धुवायला सोपा पडतो म्हणत.