चाळीस आणि एक्केचाळीस नंबरच्या बरण्या

माझी थोरली नणंद सव्वीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात बेडकांच्या बरण्या सांभाळते. अंगाला स्पिरिटचा वास येतो म्हणून घरातली पोरं तिला ‘बरणीआत्या’ म्हणतात. तीही ओ देते.

परवा आली ती चपला न काढताच बोलायला लागली. नव्या विभागप्रमुखांना कपाटात जागा हवी आहे. कशाला, तर त्यांना मिळालेल्या ढाली मांडायला! चाळीस आणि एक्केचाळीस नंबरच्या बरण्यांतले बेडूक सारखेच दिसतात, तेव्हा एकत्र ओता, असं फर्मान निघालं.

दिसतात सारखेच, हे खरं. स्पिरिटमध्ये महिन्याभरात रंग उडतो. पण जिवंतपणी एकाची मांडी हळदीसारखी पिवळी होती, दुसऱ्याची राखाडी. एक टिकटिक करायचा, दुसरा गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायचा. जुन्या सरांबरोबर गुडघाभर पाण्यात जाळं धरून हीच उभी असायची. आता कोण कुठला हे सांगणार फक्त बरणीवरची चिठ्ठी. एकदा ओतलं की संपलं.

“हे सांगितलं तर म्हणतात, ‘बाई, तुम्ही स्पिरिट घाला, शास्त्र आम्ही बघतो.’”

माझा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “अगं ताई, बेडूक तो बेडूक.”

“तुझ्या दोन्ही लेकी पाठमोऱ्या सारख्याच दिसतात. एकीच्या नवऱ्याबरोबर दुसरीला पाठवतोस?”

पेपर खाली आला.

माझंही डोकं फिरलं होतं. स्पिरिटनं जिच्या बोटांची सालं निघाली, तिला ढाली मिरवणाऱ्यानं शास्त्र शिकवायचं?

“मग ओतलंत, वन्सं?”

“मी? कागद पुढे केला. ‘या दोन बरण्या माझ्या आदेशावरून एकत्र केल्या.’ म्हटलं, साहेब, सही करा, लगेच ओतते.”

“केली?”

“पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाले, एवढ्याशा कामाला सही कसली? म्हटलं, एवढंसंच आहे तर करा की!”

“मग?”

“मग काय! सोमवारपासून माझी बदली, ग्रंथालयात.” आता कुठे तिनं चपला काढल्या. “तो कागद दोन बरण्यांच्या मध्ये उभा करून आलेय. ज्याला ओतायचंय, त्यानं आधी सही करावी. पाणी दे गं.”