पोटात वाजणारी गिटार

मित्रमंडळी जिला वहिनी म्हणत, तिच्या नवऱ्याला कारखान्यात सगळे घण म्हणत. अंगाने म्हणावं तर तो काडीपैलवान, वारा आला तर दाराची कडी धरून उभा राहील असा. पण पत्रा दाबायच्या मोठ्या मशीनवर उमेदीची सगळी वर्षं काढलेली, म्हणून घण. आणि सुट्टीच्या दिवशी हाच घण प्लंबरच्या गॅरेजमध्ये जाऊन मित्रांबरोबर हेवी मेटल वाजवी. प्लंबर ड्रम बडवी, त्याचा मेहुणा ओरडे आणि गिटारही वाजवी, आणि घण जाड तारांची बास गिटार घेऊन कोपऱ्यात उभा. लोकांना ओरडणारा दिसतो. पण बास म्हणजे पायाचा दगड. तो हलला की वरची भिंत आलीच खाली.

वहिनी म्हणे, "आठवडाभर लोखंड बडवून यांचं मन भरत नाही, म्हणून सुट्टीला पुन्हा लोखंडच." म्हणे, पण त्याचा काळा शर्ट आदल्या दिवशी इस्त्री करून तीच ठेवी.

तर झालं असं, की जुन्या गिटारीची मान वाकली. पाणी तापवायच्या बंबाशेजारी ठेवली होती, उबेने लाकूड वळलं. पुढच्या महिन्यात कामगारांच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरलेला. नवी घेणं भाग होतं.

"चल, तूही ये दुकानात," घण म्हणाला.

वहिनी चपापली. या माणसाने स्वतःच्या लग्नातले बूटसुद्धा कुणाला न विचारता आणले होते, आणि एक नंबर लहान आणले होते.

"मला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही कळलं तरी चालेल. कान आहेत ना तुला?"

तो सहज बोलून गेला, पण वहिनीला कान हा शब्द टोचला. गेलं वर्षभर ती बघत होती. दाराची बेल वाजली तरी हा पेपर वाचत बसे. चारचौघांत मान डोलवी, पण नको तिथे हसे. कुणी काही विचारलं की चिडे, "तोंडातल्या तोंडात काय बोलता सगळे?" बाहेर कुणाला पत्ता नव्हता, त्याला कारण कारखानाच. मशीनच्या धडधडाटात तिथे कुणीच तोंडाने बोलत नसे, सगळा कारभार हातांनी. आडवा तळवा म्हणजे ठीक, चालू दे. तळवा गरकन फिरवला म्हणजे थांब, बिघाड आहे. मशीन नीट चाललंय का तेही हे लोक अंगावर हात ठेवून ओळखत, ताप बघावा तसं. घरीही तीच सवय. चहा हवा का विचारलं की आडवा तळवा. अशा माणसाला ऐकू कधीपासून येईनासं झालं, ते घरच्यांना तरी कसं कळावं?

आणि कळलं तरी बोलायची सोय नव्हती. कारखान्याला कळलं की मशीनवरून उतरवणार. मित्रांना कळलं की गॅरेजमधून. मग हा माणूस करणार काय, भिंतीकडे बघत बसणार?

दुकानदाराने दोन गिटारी काढल्या. एक लांब मानेची, जड लाकडाची. दुसरी आखूड मानेची, हलकी, गोंडस.

"मेटलसाठी तारांचा सूर खाली उतरवणार ना?" दुकानदाराने विचारलं. "मग लांब मान घ्या. आखूड मानेवर उतरवलेली तार ढिली पडते, फडफडते."

घणाने जड गिटार गळ्यात अडकवली, तार छेडली, आणि दगडाला कान लावल्यासारखा चेहरा करून उतरवून ठेवली. मग हलकी घेतली. सगळ्यात जाड तार छेडली तशी तिच्या पोकळ अंगाची थरथर थेट त्याच्या पोटात गेली. त्याने तळवा तिच्या लाकडावर ठेवला. डोळे मिटले. वहिनीने त्याला असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ही बोलते," तो म्हणाला.

वहिनीला ऐकू येत होतं ते बोलणं नव्हतं. उंच दोरीवर ओली चादर वाऱ्याला फाटकन फडफडावी तसा आवाज होता तो. दुकानदाराने तिच्याकडे बघितलं.

"कशी आहे?" घणाने विचारलं.

तिने आडवा तळवा केला. चालू दे.

हसणाऱ्या माणसाच्या तोंडचं हसू कसं काढून घ्यावं, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. पण दया दाखवायलाही जागा पाहावी लागते.

पुढच्या सुट्टीला ती डबा घेऊन गॅरेजमध्ये गेली, तेव्हा गाणं सुरू होतं. सुरू म्हणजे, प्लंबरने तीनदा थांबवलं होतं.

"घण, तार फडफडतेय तुझी. चिखलात पाय घातल्यासारखं वाटतंय."

"काही फडफडत नाही. तुझे ड्रम सैल झालेत."

"माझे ड्रम मी कालच आवळलेत, पाइप आवळतो तसे. वहिनी, तुम्हीच सांगा. येतंय ना ऐकू?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. घणानेही. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि तेच तिला सोसेना. डबा खाली ठेवत ती म्हणाली, "येतंय. दुकानातही आलं होतं."

मेहुणा उगाच वायर गुंडाळू लागला. घण तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"मग तू ठीक म्हणालीस ते?"

"तुम्ही हसत होतात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तारेचं की कानाचं?"

गिटारीवरचा तळवा त्याने काढला नाही, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा तो तिथेच होता. प्लंबरने ड्रमच्या काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. एरवी एका नळासाठी तासभर बोलणारा माणूस, एवढंच म्हणाला, "आधी गिटार बदलून आण. बाकीचं नंतर बघू." बाकीचं म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

दुकानदार भला, बदलून द्यायला तयार झाला. या वेळी घण स्टुलावर बसला, जड गिटार मांडीवर घेतली आणि वहिनीला समोर उभं केलं. तार छेडली. पोटात काहीच येईना. तळव्याला जेमतेम मुंगी चालल्यासारखं. मग हाडातून तरी काही येतं का म्हणून त्याने मान वाकवून हनुवटी गिटारीच्या वरच्या टोकाला टेकवली, आणि दुकानातल्या पोराटोरांदेखत तसाच बसून राहिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सांग," तो म्हणाला. "खरं सांग या वेळी."

त्याने एकेक तार छेडली. वहिनी ऐकत गेली. जाड तार घुमली, खोल आणि स्वच्छ. आडवा तळवा. दुसरी. आडवा तळवा. तिसरीवर ती थबकली, पुन्हा वाजवा अशी खूण केली, ऐकलं, मग तळवा आडवा केला. चौथीलाही. या वेळी तिचा हात खोटा नव्हता.

"घेतो ही," घण म्हणाला. "चांगली आहे म्हणतेस तर."

"तुम्हाला आवडली का?"

"लोकांना ऐकू आली म्हणजे झालं."

वाटेत गिटार त्याच्या पाठीवर होती, आणि वजनाने तो जरा पुढे वाकला होता. मागून चालताना वहिनीने सगळं बळ गोळा केलं.

"अहो, उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. मी येते बरोबर."

तो चालत राहिला. मागे वळला नाही, पाऊलही अडलं नाही. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते पाठीवरून कसं कळणार? वहिनीने क्षणभर वाट पाहिली. मग पावलं उचलत ती त्याला ओलांडून पुढे गेली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि तळवा गरकन फिरवला.

थांब.

घण थांबला.