हजेरीस नियमित

"पेटी उलटी कर," सर म्हणाले.

मी केली. वसतिगृहाच्या व्हरांड्यात, सकाळच्या वेळी, तोंडात दातवण धरून उभ्या असलेल्या पोरांसमोर. दोन सदरे, एक पांघरूण, वह्या, शेंगांची पुरचुंडी, फुटका आरसा. आणि फडक्यात बांधलेलं एक चांदीचं कडं. सरांनी माझे सदरे चपलेनं बाजूला सारले. कडं मात्र हातानं उचललं.

"हे कुठून आणलंस?"

"आईचं आहे."

"आईचं असतं तर आईच्या हातात असतं."

पोरं हसली. तिघं हसली नाहीत. ती तिघं कोण, ते मला अजून पाठ आहे.

मग सरांनी माझा उजवा हात धरला, उजेडाकडे फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. अंगठा आणि दोन बोटं टोकांना काळी पडलेली. "बघा," ते म्हणाले. पुढे काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

प्रयोगशाळेतली सिल्व्हर नायट्रेटची बाटली सापडत नव्हती. त्या औषधात चांदी असते. आणि मी भिल्ल. एवढं त्यांना पुरलं. बाटलीभर औषधातून चांदी काढून तिचं कडं घडवायला भट्टी लागते, सोनार लागतो, हे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मी सांगायचं? कडं आतून झिजलेलं होतं. आईच्या मनगटानं वीस वर्षं झिजवलेलं. ते त्यांना दिसलं नाही. मी तेव्हा यातलं काहीच बोललो नाही. त्याची लाज मला पुढे बरीच वर्षं वाटली.

ही साठीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं आणि मी तिथल्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव तापीकाठी. गावाच्या खालच्या अंगाला भिलाटी, म्हणजे आम्हा भिल्लांची वस्ती. बाप पोलीस पाटलांकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पाटलांच्या केळीला पाणी माझा बाप द्यायचा, आणि पाटलांचा मुलगा रमण माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. लोकांना ते कौतुकाचं वाटायचं. मला नाही वाटायचं. बाकावर तो मधे बसायचा आणि मी कडेला.

हिवाळ्यात एक जाहिरात आली. कोकण किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. पदवी न झालेल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने ते बोलावणार होते. राहणं-खाणं त्यांचं. बोटीतून खोल समुद्रात न्यायचं, निरनिराळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, त्यातलं मीठ मोजायचं. संशोधन असं त्याला नाव दिलं होतं. प्रत्येक कॉलेजातून एकच नाव जाणार. सोबत आपल्या भागातल्या पाण्याचा छोटा अभ्यास जोडायचा.

मी समुद्र पाहिला नव्हता. भिलाटीत कुणीच पाहिला नव्हता. तापी कुठे जाते असं विचारलं तर म्हातारे सुरतेकडे हात करायचे आणि तिथेच त्यांची माहिती संपायची. मला तिथून पुढचं बघायचं होतं. इतकं, की कुणाला सांगायची भीती वाटायची. आपल्याला काही हवं आहे हे कळलं की लोक ते वर धरतात आणि उडी मारायला लावतात, हे मी लहानपणीच शिकलो होतो.

सरांनी मला बोलावून अर्ज भर म्हटलं. म्हणाले, "तुझ्यासारखा मुलगा गेला तर कॉलेजचं नाव होईल." मी खोलीवर परतताना हे वाक्य दहा वेळा उलटून पाहिलं. तुझ्यासारखा म्हणजे कसा? पण अर्ज भरला.

अभ्यासाला मी विहिरी घेतल्या. आमच्या गावच्या आणि शेजारच्या तीन गावांच्या मिळून अकरा. गावविहिरीचं पाणी गोड, भिलाटीच्या विहिरीचं मचूळ. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. समुद्राचं मीठ जसं मोजतात तसंच विहिरीचंही मोजता येतं. पाण्यात पिवळ्या औषधाचे थेंब टाकायचे, वरून काचेच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, एकेक थेंब. पिवळं पाणी विटकरी झालं की हात थांबवायचा. गावविहिरीला थोडक्यात काम व्हायचं. भिलाटीच्या पाण्याला नळी रिकामी होऊन पुन्हा भरावी लागायची. ते औषध बोटांना लागलं की आधी काही दिसत नाही. उजेडात आलं की काळं पडतं. धुवून जात नाही, आठ-आठ दिवस राहतं.

रमणनंही अर्ज भरला होता. तो कधीमधी प्रयोगशाळेत यायचा, स्टुलावर बसून पाय हलवायचा आणि जाताना माझ्या वहीतले आकडे उतरवून न्यायचा. मी देत होतो. बाप त्यांच्या घरी कामाला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी माणसं मी जन्मापासून बघत होतो. मला त्यात नवल वाटत नव्हतं.

कड्याचंही सांगून टाकतो. मी वसतिगृहात राहायला निघालो तेव्हा आईनं ते हातातून काढून माझ्या पेटीत घातलं. मी नको म्हणालो. "तठे तुन्हं कोन शे?" ती म्हणाली. "तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. वखतवर कामले यी."

वखत आला तो असा.

झडतीनंतर दोन दिवसांनी बाटली सापडली. सरांच्याच लोखंडी कपाटात, काळ्या कागदात गुंडाळलेली. उजेडानं औषध खराब होतं म्हणून त्यांनी स्वतः ठेवली होती आणि विसरले होते. शिपायानं ती आणून टेबलावर ठेवली तेव्हा रमण आणि मी तिथेच होतो. सर बाटलीकडे बघून म्हणाले, "असं होतं कधी कधी." बस. एवढंच. खण उघडून माझं कडं त्यांनी शिपायाकडे दिलं आणि शिपायानं माझ्याकडे. माझ्या हातात द्यायला टेबलाची रुंदी आड येत होती बहुतेक.

तेव्हा मला कंठ फुटला. रमणचा हात टेबलावर होता. गोरा, स्वच्छ.

"सर, याची बोटं बघा," मी म्हणालो. "प्रयोग करणाऱ्याची बोटं काळी होतात. याच्या वहीत अकरा विहिरींचे आकडे आहेत. ते आले कुठून?"

रमणनं हात खिशात घातला. भिलाटीच्या विहिरीवर तो जन्मात आला नव्हता, पण तिचं मीठ त्याच्या वहीत होतं. मी तेही बोललो. सर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते गोड झाले. विषय वाढवू नको म्हणाले. काम माझं आहे हे त्यांना दिसतं म्हणाले. माझंच नाव पाठवणार म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त तुमच्या पोलीस पाटलांचा चालचलनाचा दाखला आण. झाल्या प्रकारानंतर तेवढं लागेल."

प्रकार त्यांनी केला, आणि दाखला मी आणायचा. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? मला समुद्र हवा होता.

आता हजेरीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत आमच्या भिलाटीतल्या सगळ्या कर्त्या पुरुषांना रोज संध्याकाळी पोलीस पाटलांच्या ओट्यापुढे उभं राहावं लागायचं. पाटील नाव घेणार, आपण "हजर" म्हणायचं. चोरी केली म्हणून नाही. भिल्ल आहे म्हणून. परगावी लग्नाला जायचं तर आधी पाटलांना विचारायचं. मी बापाचं बोट धरून तिथे गेलेलो आहे. ओटा माझ्या डोक्याहून उंच होता. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ती हजेरी बंद झाली, पण बाप संध्याकाळ झाली की अजून उठून उभा राहायचा. कशाला उठलो ते आठवून परत बसायचा.

त्याच ओट्यापुढे आम्ही बाप-लेक गेलो. पाटील वर बसले होते. बापानं हात जोडून सगळं सांगितलं. पेटीचं सांगितलं नाही, ते मी घरी सांगितलंच नव्हतं. पाटलांनी लगेच दौत-टाक मागवलं. इतकं लगेच, की माझ्या मनात पाल चुकचुकली. यांचा मुलगा त्याच जागेसाठी अर्ज करून बसलाय, आणि हे हसत हसत लिहून देतात?

कागद त्यांनी बापाच्या हातात दिला. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मला दिला.

मी मोठ्यानं वाचला. लिहिलं होतं: सदर मुलाचा बाप हजेरीचे काळी हजेरीस नियमित असे. एकदाही गैरहजर आढळला नाही. सबब मुलाचे चालचलन बरे आहे.

मी बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्याबद्दल कुणी चांगलं लिहिलं होतं. खरंही होतं ते. तापात फणफणत असतानाही तो हजेरीला गेलेला मला आठवतो. आणि मला वाटलं, माझ्या अंगात कुणी सुरी घातली आणि बापाला ती फुलांची माळ दिसतेय.

हा कागद केंद्रावर जाणार. तिथले मोठे लोक वाचणार. हा कोण? हजेरीवाल्याचा मुलगा. बोटीवर माझ्याकडे बघणार, बाटल्या मोजून घेणार, कपाटाला कुलूप लावणार. पाटलांनी हे भोळेपणानं लिहिलं की केसानं गळा कापला? मला आजही ठरवता आलेलं नाही. आता वाटतं, त्यांनाही ठरवावं लागलं नसेल.

मी विचारलं, "रमणना दाखलामा काय लिखं?"

पाटलांना नवल वाटलं. "त्याले कसाले दाखला?"

"मंग माले कसाले?"

बाप घाबरला. माझा दंड धरून म्हणाला, "चूप बस. आपन त्यासनं मीठ खायेल शे."

मी कागद ओट्यावर ठेवला. ओटा आता माझ्या छातीइतकाच होता. म्हणालो, "मी चोर शे आशे वाटत व्हई तं तुम्ही दखाडा. मी साव शे, हाई मी दखाडाव नही."

पाटील ओरडले नाहीत. त्यांनी फक्त बापाकडे बघून मान हलवली, बैल बिघडला की गड्याकडे बघतात तशी. मी चालू लागलो. मागे वळून पाहिलं तर बाप हात लांबवून ओट्यावरचा तो कागद उचलत होता. त्यानं घडी घातली आणि पागोट्यात खोचली. भिलाटीपर्यंत तो माझ्या चार पावलं मागे राहिला. घराशी आल्यावर म्हणाला, "तुन्हा समुद्र गया." मग महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्यावर मला राग आला नाही. ज्यांनी त्याला असल्या कागदावर खूश व्हायला शिकवलं, त्यांच्यावर आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी दाखला आणला नाही आणि सरांनी रमणचं नाव पाठवलं. मी सगळा अभ्यास पुन्हा हातानं लिहून काढला आणि केंद्राला थेट टपालानं धाडला. सोबत लिहिलं की हे आकडे तुमच्याकडे दुसऱ्या नावानं आलेत. त्या मुलाला एवढंच विचारा, भिलाटीच्या विहिरीवर रहाट आहे की पायऱ्या. उत्तर आलं. छापील. अर्ज महाविद्यालयामार्फतच स्वीकारले जातात.

रमण गेला. दोन महिने राहून आला. सगळ्यांना बोटीचं सांगत होता, पाण्याचा रंग सांगत होता. मी ऐकलं. कान मिटता येत नाहीत. मला रडू आलं आणि मी ते पोरांसमोर आवरलं नाही. हसायचं त्यांनी हसावं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. माझं शेवटचं वर्ष. प्रयोगशाळेत सर माझ्याजवळ येऊन थांबले. हळू आवाजात म्हणाले, "यंदा पुन्हा जाहिरात येईल. तोवर नीट वाग. बघू आपण काहीतरी."

पुन्हा वर धरलं होतं. पुन्हा उडी मारायची होती. आणि कबूल करतो, एक क्षण माझे पाय उचललेही.

"सर, मी नीटच वागत होतो," मी म्हणालो. "जाहिरात आली की अर्ज करीन. दाखला जोडणार नाही. नाव पाठवायचं नसेल तर का नाही ते कागदावर लिहून द्या."

"लिहून काय द्यायचं त्यात?"

"जे मनात आहे ते."

ते निघून गेले. मी नळी भरली आणि कामाला लागलो. त्या दिवशी ठरवलं ते असं. मी चांगला आहे हे मी कुणाला दाखवणार नाही. पेटी उघडणार नाही, हात पुढे करणार नाही, बापाची हजेरी विकणार नाही. अर्ज मात्र दर वेळी करीन. माझ्यानंतर भिलाटीतलं जे पोर कॉलेजात येईल त्यालाही करायला लावीन. नाकारायचं तर त्यांनी नाकारावं. पण तोंडी नाही. कारण त्यांच्या हातानं लिहावं, आणि खाली त्यांची सही असावी.