टग्याचा सोमवारचा पट्टा

शिंपीकाकांच्या हाताखालून गेलेला शर्ट कधी झोळ मारत नाही, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे, अशी निदान काकांची समजूत होती. उभं आयुष्य त्यांनी मशीनवर घातलं. चारचौघांत आपल्या कामाचं नाव निघावं, एवढीच हौस. आणि म्हातारपणी नाव निघालं ते कुणाचं? त्यांच्या मांजराचं!

टग्या रंगानं करडा, एक कान चिरलेला आणि स्वभावानं जहागीरदार. सकाळी मागच्या खिडकीतून बाहेर पडला की स्वारी आधी पोस्टात जायची आणि पार्सलांच्या वजनकाट्यावर बसायची. टपालबाई त्याला उठवायच्या नाहीत, लोकांनाच थांबवायच्या. तिथून चष्मेवाल्याकडे. त्यानं डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी टग्याचा फोटो लावला होता. दुपारी औषधांच्या दुकानात काउंटरवर पसरायचं आणि खोकणाऱ्यांकडे तुच्छतेनं बघायचं. एकदा तर पेपरात फोटो आला, खाली 'आपला लाडका टग्या'. त्याला सांभाळलं कुणी, शिवून घातलं कुणी, याबद्दल अवाक्षर नाही.

शिवून घातलं म्हणजे गळ्यातला पट्टा. रविवारी दुकान बंद असलं की काका आठवड्याच्या कातरणातला झकास तुकडा निवडायचे, त्याचा पट्टा शिवायचे आणि कडेला हातानं बारीक टाके घालायचे. मागे टिचबटण लावायचे, म्हणजे कुठे अडकला तर पट्टा सुटावा, मांजराचा गळा आवळू नये. सोमवारी सकाळी टग्या नवा पट्टा घालून मिरवायला निघायचा. कधी चौकडीचा, कधी रेघांचा, एकदा तर कुणाच्या तरी लग्नाच्या कोटाचा मखमली. लोक त्याचे लाड करायचे आणि काका मशीनमागे बसून आतल्या आत चरफडायचे.

"तुम्ही टग्याचे मालक ना?" असं कुणी विचारलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"मी शिंपी आहे," ते म्हणायचे. "मांजर घरात असतं."

त्या रविवारी काका माळ्यावरचं फुलाफुलांचं कातरण काढायला स्टुलावर चढले, आणि स्टूल एकीकडे, काका एकीकडे. कंबरेतून कळ निघाली ती थेट डोक्यात गेली. उठता येईना. फोन मशीनवर, मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ओरडून बघितलं, पण शटर खाली आणि सुट्टीचा रस्ता सुनसान. टग्या येऊन पोटाशी बसला.

"जा बाबा, कुणाला तरी बोलावून आण," काका म्हणाले. टग्यानं पंजा चाटला.

सोमवार उजाडला तसा तो नेहमीसारखा खिडकीतून चालता झाला. काका फरशीवर पडून होते, घशाला कोरड पडली होती. दुकान बंद दिसलं तर लोक म्हणतील, म्हातारा गेला असेल लेकीकडे. मग आपल्याला शोधायला येणार कोण? सगळे ओळखतात ते मांजराला. काकांना आता खरंच भीती वाटायला लागली.

दुपारी शटरवर दणके बसले. "काका! आत आहात का?" औषधांच्या दुकानातल्या बाईंचा आवाज. जरा वेळानं मागच्या खिडकीत चष्मेवाल्याचे पाय दिसले. तो कसाबसा आत उतरला आणि त्यानं शटर उघडलं.

पाण्याचा घोट पोटात गेल्यावर काकांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं? टग्यानं बोलावलं?"

"तो कसला बोलावतोय! आला आणि काउंटरवर आडवा झाला," बाई म्हणाल्या. "पण गळ्यात गेल्या आठवड्याचा रेघांचा पट्टा! ताप अंगावर घेऊनसुद्धा तुम्ही कधी सोमवार चुकवला नाहीत, काका. म्हटलं, काहीतरी बिनसलंय."

"म्हणजे तुम्ही पट्टा बघत होता?"

"बघत होता म्हणजे? हा तर भिंग लावून टाके बघतो," बाईंनी चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. "असं काम आता बघायला तरी मिळतं का कुठे?"

एवढं दुखत होतं तरी काका रडले नव्हते. आता मात्र त्यांना रडू आवरेना.

कंबरेच्या हाडाला चीर गेली होती, त्यामुळे दवाखान्यात राहणं आलं. पुढच्या सोमवारी बाई भेटायला आल्या आणि त्यांनी मोबाइलवर टग्याचा फोटो दाखवला. गळ्यात नवा पट्टा होता, चष्मेवाल्यानं शिवलेला. काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"हे टाके? चष्मेवाला ना तो? मग स्वतःचं काम दिसत नाही त्याला? आधी उसवा ते! आणि मला इथे सुईदोरा आणून द्या."

आवाज ऐकून नर्स धावत आली. फोटो बघून तिचा चेहरा खुलला. "अय्या, हा तर टग्या! आजोबा, तुम्ही त्याचे मालक?"

काका उशीला टेकून ताठ बसले.

"शिंपी," ते म्हणाले. "टग्याचा शिंपी."