गंधकावरची फुली

नव्वदच्या दशकात मी मुरबाडला विज्ञान शिकवत होतो. एकदा गंधकाच्या गोदामातला एक हमाल मुलीची वही घेऊन शिक्षकखोलीत आला. त्याची नखं पिवळी होती. म्हाताऱ्या महाकाय ताऱ्यांभोवतीच्या वायूत गंधकाचे रेणू असतात, असं मुलीनं लिहिलं होतं. मी त्यावर फुली मारली होती.

“तिथं पोती उचलायला गेलावतास काय रे?” मी म्हणालो. सगळे गुरुजी हसले.

त्यानं बाहीनं वही पुसली. “गुरुजी, तुमाला ठाव नाय तर तसं लिवा. फुली कशाला?”

आठवड्यात मला पुस्तकात सापडलं, मुलगी बरोबर होती. मी वर्गात अवाक्षर काढलं नाही. तिनं पुन्हा कधीच हात वर केला नाही.

मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारे गुरुजी म्हणून निवृत्तीला माझा सत्कार झाला. हारासाठी मी निर्लज्जासारखी मान वाकवली.