घर दाखवायची वेळ

आमचं भद्रावतीचं घर विकायला काढलं, तेव्हा आलेल्या प्रत्येकाला माझे यजमान सकाळचीच वेळ द्यायचे. "दुपारी नोका येऊ, ऊन लय असते," असं फोनवर सांगायचे. खरं कारण ऊन नव्हतं. दुपारी जवळच्या कोळशाच्या खाणीत ब्लास्टिंग व्हायचं.

आम्ही घर बांधलं तेव्हा खाण लांब होती आणि मधे कापसाची वावरं होती. मग एकेक वावर खाणीत गेलं आणि तिचा काठ आमच्याकडे सरकत आला. सुरुवातीला नुसती भांडी वाजायची, नंतर भिंतींना भेगा पडायला लागल्या. आधी भोंगा व्हायचा, मग थोड्या वेळानं पायाखालची जमीन हलायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. नवीन माणसाला कशी असणार?

विकायची घाई होती. मुलगी गडचिरोलीला नर्स आहे, जावई बाहेरगावी असतो, आणि दोन लेकरं घरात टाकून तिला रात्रपाळीला जावं लागायचं. तिच्या गल्लीतलं एक घर आम्ही ठरवलं होतं, पण तो मालक दिवाळीपुढे थांबायला तयार नव्हता. यजमानांनी शिडी लावून सगळ्या भेगा पुट्टीनं बुजवल्या आणि वरून रंग दिला. बैठकीतली मोठी भेग काही केल्या बुजेना. तिच्यावर त्यांनी कॅलेंडर टांगलं. मला ते पटत नव्हतं. एकदा म्हणालेही, "सांगून टाका ना लोकायले." ते म्हणाले, "सांगितल्यावर कोण घेते? पोरीकडं जायचं हाय का नाई तुले?" मी पुट्टीचा डबा उचलून ठेवला.

श्रावणातल्या एका दिवशी एक शिक्षक येणार होते. भामरागडकडच्या जंगलातल्या गावचे, नुकतीच इकडे बदली झालेली. येणार होते सकाळी, पण चंद्रपूरला त्यांची एसटी बंद पडली आणि ते दारात आले तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. सोबत त्यांची बायको होती. सातवा-आठवा महिना असावा. घामानं चेहरा निथळत होता.

यजमान मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "चहागिहा मांडू नोको. पटकन दाखवतो अन् मोकळे करतो."

"तिची हालत पाहिली का तुमी?" मी म्हटलं आणि आधण ठेवलंच.

त्यांनी घर दाखवायला सुरुवात केली. एरवी एकेका खोलीत पाच-दहा मिनिटं बोलणारा माणूस, त्या दिवशी दारातूनच बोट दाखवत पुढे सरकत होता. शिक्षक मात्र निवांत होते. नळ सोडून बघत होते, खिडक्या उघडून बघत होते. माझा कान सारखा बाहेर लागलेला.

त्यांची बायको, पोरगीच ती, स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसून बोलायला लागली. "बाई, दवाखाना इथून किती दूर हाय?"

"रिक्षानं गेलं का लगेच येते."

"मागच्या खेपेले आमच्याकडं पूर आला होता. रस्ता बंद. मले खाटेवर टाकून नदीपर्यंत नेलं, पण पलीकडून डोंगा येईपर्यंत सगळं होऊन गेलं. लेकरू नाई राह्यलं." मग भिंतींकडे बघत म्हणाली, "म्हणून मीच इकडं यायच्या मागं लागली. रस्त्याच्या गावात घर पायजे."

मी तिच्या हातात चहाचा कप दिला. चहा पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "जरा आडवी होऊ का? कंबर भरून आली."

मी हो म्हणाले आणि तिला आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. दारातून मागे वळून पाहिलं. पलंगाच्या वर फळी होती आणि फळीवर सासूबाईंच्या पितळी घागरी, परात, बंब. आम्ही दोघं त्या खोलीत दुपारी कधीच निजत नव्हतो.

मी परत गेले आणि तिचा हात धरला. "ऊठ बाई. बाहेर चल."

"काऊन? काय झालं?"

"चल म्हणते ना. अंगणात बसू."

बैठकीतून जाताना यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी तिथंच थांबले असते. मी शिक्षकांना म्हणाले, "गुरुजी, तुमीपण बाहेर या. आता खाणीत ब्लास्टिंग होईल. रोजच होते. घर हलते आमचं. भेगा पडल्या हायेत, त्या आमी बुजवल्या."

आम्ही चौघं अंगणात लिंबाखाली उभे राहिलो. तेवढ्यात भोंगा झाला. तिनं दोन्ही हात पोटावर धरले. नंतरची ती थोडीशी शांतता मला फार लांब वाटली. मग जमिनीतून दणका आला, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि आत काहीतरी पितळी खणखणत खाली पडलं. कुठं पडलं ते मला पाहायला जावं लागलं नाही.

शिक्षक यजमानांकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "भाऊ, तुमी सांगणार नव्हते आमाले?"

यजमान आत गेले, कॅलेंडर काढलं आणि म्हणाले, "या गुरुजी. आता सगळंच दाखवतो." एकेक भेग त्यांनी स्वतः बोटानं दाखवली. पलंगावर परात पडली होती, तीही दाखवली.

शिक्षकांनी घर घेतलं नाही. आम्ही त्यांना बसपर्यंत सोडलं. जाताना त्या पोरीनं माझा हात दाबला. घरी आल्यावर यजमान बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. दिवाळी आली आणि गडचिरोलीचं ठरवलेलं घर हातचं गेलं.

त्यानंतर मात्र आम्ही येणाऱ्याला दुपारीच बोलवायला लागलो. बहुतेक जण भोंग्यानंतर निघून जात. शेवटी खाणीतच डंपर चालवणाऱ्या एकाच्या कुटुंबानं घर घेतलं. त्यांना आवाजाचं नवल नव्हतं, आणि भेगांपायी भाव आम्ही आपणहून उतरवला होता. गडचिरोलीत आम्हाला मुलीपासून दोन गल्ल्या पलीकडे लहानसं घर मिळालं. पुरतं आम्हाला.

पण हे सगळं व्हायच्या आधी, ते शिक्षक येऊन गेल्यावर आठवडाभरातच, त्यांचा फोन आला होता. मला वाटलं, अजून राग असेल. ते यजमानांना म्हणाले, "भाऊ, चंद्रपूरले एक घर पाह्यलं. तुमी येता का सोबत? घर विकणारा काय लपवते, हे तुमाले ठाऊक हाय."

मला वाटलं हे चिडतील. पण ते गेले, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. शेजारच्या तीन घरी पाणी मागून प्यायले आणि नळ कधी येतो ते विचारलं. घरमालकाच्या भावालाही गाठून त्याचा हिस्सा आहे का, हे तोंडावर विचारलं. मुसळधार पाऊस लागला त्या दिवशी छत्री घेऊन मुद्दाम परत गेले, गल्लीत पाणी साचतं का बघायला. भिजून आले आणि मला म्हणाले, "घ्या म्हणून सांगितलं."

त्या घरात त्यांना मुलगी झाली. बारशाला आम्ही दोघं गेलो होतो.